डाव्या पायाला काम नाही

कुसुमताई गजभिये यांनी बावीस वर्षांत प्रताप नगरातल्या आणि आजूबाजूच्या हजारावर बायकांना क्लच सोडायला शिकवलं. गाडी चालवायला शिकवलं असं त्या कधी म्हणत नसत. स्टेअरिंग लहान लेकरालाही फिरवता येतं, ब्रेक भीतीनं आपोआप दाबला जातो. माणसाला शिकवावा लागतो तो फक्त क्लच, असं त्यांचं मत होतं. ते बदलावं असं बावीस वर्षांत काही घडलं नव्हतं.

त्या या धंद्यात आल्या त्या मागच्या सीटवरून. लेक वैभवी शाळेत जायला लागली तेव्हा त्यांना मार्तंडराव हेडाऊंच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फॉर्म भरायचं काम मिळालं. शिकायला येणाऱ्या बायकांच्या घरच्यांची एक अट असायची, गाडीत आणखी एक बाई पाहिजे. मार्तंडरावांकडे बाई एकच होती. त्यामुळे दोन वर्षं कुसुमताई मागच्या सीटवर बसून मांडीवर फॉर्म भरत राहिल्या आणि पुढे शिकवणारा काय ओरडतो, शिकणारी कुठं चुकते, हे ऐकत राहिल्या. स्टेअरिंगला हात न लावता त्यांना गाडी पाठ झाली. एका सोमवारी शिकवणारा आलाच नाही. दारात तीन बायका उभ्या. मार्तंडरावांनी कुसुमताईंकडे पाहिलं. कुसुमताई मागच्या दारानं उतरल्या आणि पुढच्या दारानं चढल्या. लायसन्स त्यांनी त्यानंतर काढलं. ही गोष्ट त्या सगळ्यांना सांगतात, फक्त आरटीओच्या आवारात सांगत नाहीत.

पुढे मार्तंडरावांचं वय झालं आणि स्कूल कुसुमताईंचं झालं. स्कूल म्हणजे एक फलक, एक टेबल आणि एक पेट्रोलची छोटी गाडी. या गाडीत डाव्या सीटपुढेही एक ब्रेक आणि एक क्लच बसवलेला होता, शिकवणाऱ्याच्या पायासाठी. कुसुमताईंना ते क्वचितच लागायचे. इंजिनाच्या आवाजावरूनच त्यांना कळायचं की शेजारच्या बाईचा पाय कुठं आहे, ती पुढच्या चौकाला घाबरली आहे की घरी सासूशी भांडून आली आहे. आवाज चढला की त्या खिडकीबाहेर बघतच म्हणायच्या, "हळू सोड वं. पळून नाही जाऊन राहिला तो."

एकाच बाईला त्यांनी परत पाठवलं होतं. रंभाबाई भोयर, वय वर्षं त्रेसष्ट. काटोलच्या पुढे त्यांची मोसंबीची बाग होती, आणि त्यांचे यजमान बापूजी दर दोन दिवसांनी गाडी घेऊन तिकडे जायचे. बापूजींच्या डोळ्यांनी दगा दिला, डॉक्टरांनी गाडी बंद केली, आणि बाग काटोलपुढेच राहिली. रंभाबाई शिकायला आल्या. त्यांचा डावा गुडघा क्लच अर्ध्यावर धरू शकत नव्हता. एक तर पूर्ण दाबलेला, नाही तर एकदम सुटलेला. तीनदा लर्निंग लायसन्स काढून झालं. शेवटी कुसुमताईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि सांगितलं, "रंभाबाई, तुमच्यात खोट नाही. पाय ऐकत नाही तुमचा. मी नाही शिकवू शकत."

रंभाबाई म्हणाल्या, "बरं." आणि तिथूनच ऑटो करून घरी गेल्या. हे 'बरं' कुसुमताईंना पुढे दोन वर्षं अधूनमधून ऐकू यायचं.

मग जुन्या गाडीची पंधरा वर्षं भरत आली. गाडी बदलणं भाग होतं. वैभवी मिहानमध्ये एका कंपनीत कामाला होती. तिनं जेवताना फोनवरून डोळे न काढता सांगितलं, "आई, इलेक्ट्रिक घे. आपल्या बजेटमध्ये दोन आहेत."

"तिले क्लच असते का?"

"इलेक्ट्रिकला क्लच नसतो."

कुसुमताईंचा घास हातात राहिला. मग त्यांनी तो खाल्ला. "मग मी शिकवू काय?"

प्रेमानंद, म्हणजे कुसुमताईंचे यजमान, म्हणाले, "अन् आवाज बी नसते म्हणतात. आवाज नाही तं गाडी चालू आहे का बंद, हे कसं समजन?" प्रेमानंद टपाल खात्यातून निवृत्त झाले होते, विहारातल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, आणि त्यांना स्वतःला गाडी येत नव्हती. बायको शिकवते म्हटल्यावर शिकून घ्या, असं लोक म्हणायचे. प्रेमानंद म्हणायचे, तिच्याकडून बोलणी खायला मला गाडीत बसायची गरज नाही.

पण त्या संध्याकाळी कुसुमताईंच्या डोक्यात दुसराच विचार आला. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला काम नाही. डाव्या पायाला काम नाही, म्हणजे रंभाबाईंना गाडी येऊ शकते. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. रंभाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता तुम्ही म्हणता का पाय चालते माह्या?"

"पाय लागतच नाही."

"बरं," रंभाबाई म्हणाल्या. हे 'बरं' जरा वेगळं होतं.

वैभवीनं दोन्ही गाड्यांची तुलना करून आईला पाठवली. एक पांढरी होती, चार दरवाज्यांची, उंच, ऐसपैस. एका चार्जिंगमध्ये तीनशे किलोमीटर जाते असं कंपनी म्हणायची आणि लोक म्हणायचे दोनशे धरा. दुसरी निळी, दोन दरवाज्यांची, आखूड. कंपनी दोनशे म्हणायची आणि लोक दीडशे. वैभवीच्या तुलनेत एकोणीस मुद्दे होते. त्यांपैकी चौदा मुद्द्यांत पांढरी पुढे होती. प्रेमानंदांचा मुद्दा एकच होता, पेटी डिकीत मावली पाहिजे. हा मुद्दा यादीत नव्हता म्हणून त्यांनी तो रोज तोंडी मांडला. शेजारच्या घरी कोणाला इलेक्ट्रिक गाडीचा अनुभव नसल्यामुळे तिकडून सर्वांत जास्त सल्ले आले.

पांढऱ्या गाडीच्या शोरूममध्ये रोहित नावाचा विक्रेता होता. त्यानं कुसुमताईंना गार पाणी दिलं आणि गाडीत बसवलं. "मॅडम, ही तुमचं ऐकते. बोला, काच खाली कर."

कुसुमताई उतरल्या आणि पलीकडच्या दारानं चढल्या. त्यांनी डाव्या सीटवर बसून पायाखालची जागा चाचपली. "इथं ब्रेक बसते का?"

"ब्रेक तिकडे आहे, मॅडम. ड्रायव्हरकडे."

"तो ड्रायव्हरचा झाला. माह्या ब्रेकचं विचारून राहिली मी."

रोहितला असा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. त्यानं मॅनेजरला विचारलं, मॅनेजरनं कंपनीला मेल केला. बारा दिवसांनी उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की या मॉडेलमध्ये ब्रेक पेडल चालकाच्या उजव्या पायाजवळ दिलेलं आहे आणि ग्राहकाचं समाधान झालं असेल अशी आशा आहे. वैभवीनं ते घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. प्रेमानंद म्हणाले, "बरोबर आहे त्याइचं. असते तिथंच."

निळ्या गाडीच्या शोरूममध्ये श्वेता होती. तिला तोच प्रश्न विचारल्यावर ती म्हणाली, "मला माहीत नाही, ताई." मग ती खाली वाकली, सीटखाली हात घातला, फोनचा टॉर्च लावून वायरी पाहिल्या आणि पुन्हा म्हणाली, "खरंच माहीत नाही. वर्कशॉपला विचारून उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. वर्कशॉपचं म्हणणं होतं की ड्रायव्हरच्या पेडलला सळईनं जोडलेला साधा ब्रेक बसेल, कुठलीही वायर कापावी लागणार नाही, फक्त बसवणारा माणूस जाणकार हवा. कुसुमताईंना गाडीपेक्षा ते 'माहीत नाही' जास्त आवडलं. पण हे घरी सांगण्यासारखं कारण नव्हतं.

मे महिना चालू होता. कुसुमताईंनी दोन्ही गाड्या दुपारी दोनला चालवायला मागितल्या. रोहित म्हणाला, मॅडम, संध्याकाळी या, ऊन उतरल्यावर. कुसुमताई म्हणाल्या, "मी दुपारी बी शिकवते." पारा पंचेचाळीसच्या वर होता. हुडकेश्वरहून रिंग रोडनं वाडीपर्यंत आणि परत, एसी पूर्ण लावून, असा रस्ता त्यांनी ठरवला. पांढरी गाडी पलंगावर झोपल्यासारखी गेली आणि आली. वाडीजवळ ट्रकांच्या रांगेतही आत शांतता होती. निळ्या गाडीत रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ओळख करून देत होता, आणि एसी लावल्यावर बॅटरीचा आकडा डोळ्यांदेखत उतरत होता. परत येताना एक म्हैस रस्त्यात उभी होती. कुसुमताई तिच्या मागे जाऊन थांबल्या. इंजिनाचा आवाज असता तर म्हैस सरकली असती. ती सरकली नाही, कारण तिच्या मते मागे कोणीच नव्हतं.

हॉर्न दिल्यावर म्हैस दचकली. शेजारी बसलेली श्वेताही दचकली.

एवढ्यावर निकाल लागायला हवा होता. वैभवीनं पांढऱ्या गाडीचं बुकिंग पक्कं करायला घेतलं. पण कुसुमताई म्हणाल्या की दोन्ही गाड्या रंभाबाईंना चालवायला देऊन पाहिल्याशिवाय ठरवणार नाही.

"आई, त्यांना येत नाही चालवता."

"म्हणूनच."

रोहितनं आधी साफ नकार दिला. लर्निंग लायसन्सवाल्याला आम्ही गाडी देत नाही, मॅडम. कुसुमताईंनी त्याला शिकवण्याचा परवाना दाखवला, रंभाबाईंचं ताजं, चौथं लर्निंग लायसन्स दाखवलं, आणि जागाही सांगितली. हुडकेश्वरच्या पलीकडे एक नवीन ले-आउट पडला होता. रस्ते झाले होते, खांब लागले होते, प्रत्येक प्लॉटच्या कोपऱ्यावर नंबराचा दगड होता, आणि घर एकही नव्हतं. रोहितनं मॅनेजरला विचारलं. महिनाअखेर असल्यामुळे मॅनेजरचं मन मोठं झालं होतं. मी स्वतः मागे बसणार, या अटीवर रोहित सकाळी सातला गाडी घेऊन आला.

रंभाबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. बापूजीही आले होते, काळा चष्मा लावून; ते ले-आउटच्या फाटकाशी दगडावर बसले. रंभाबाई चढल्या. सीट उंच होती, गुडघ्याला त्रास झाला नाही. कुसुमताई डावीकडे बसल्या. त्यांच्या पायाखाली नुसती चटई होती.

"डावा पाय बाजूले ठेवा. त्याले विसरा. उजव्यानं हळूच दाबा."

गाडी निघाली. आवाज काही नाही. प्लॉट नंबर एक, दोन, तीन मागे जायला लागले. रंभाबाई म्हणाल्या, "अजी, चालते ना!" आणि हसल्या. कुसुमताईंनी त्यांना इतक्या वर्षांत गाडीत हसताना पाहिलं नव्हतं.

पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्या वळणावर रंभाबाईंनी स्टेअरिंग सरळ करायला वेळ घेतला आणि त्या गडबडीत ब्रेकऐवजी उजवा पाय तसाच खाली दाबला. पेट्रोलच्या गाडीनं आधी आवाज चढवला असता, रेंगाळली असती, मग निघाली असती. ही गाडी विचारत बसली नाही. ती निघाली. समोर विजेचा खांब होता. कुसुमताईंचा उजवा पाय चटईवर जोरात आपटला. तिथं काही नव्हतं. मग त्यांचा हात दोन सीटांच्या मधे गेला, हँडब्रेक ओढायला. तिथं ग्लास ठेवायची खळगी होती. खळगीत रोहितची पाण्याची बाटली होती. कुसुमताईंनी ती बाटली सगळ्या ताकदीनिशी ओढली.

"पाय उचला!" त्या ओरडल्या.

रंभाबाईंनी दोन्ही पाय उचलले. मग उजवा ब्रेकवर टाकला. गाडी थांबली. खांब आणि बंपर यांच्यामध्ये एक माणूस अंग चोरून उभा राहील एवढी जागा उरली होती. कुसुमताईंच्या हातात बाटली होती आणि मांडीवर पाणी होतं.

मागून रोहित म्हणाला, "मॅडम, हँडब्रेकचं बटण आहे इथं. धरून ठेवायचं. दोन-तीन सेकंद."

"दोन-तीन सेकंद," कुसुमताई म्हणाल्या.

फाटकाजवळून बापूजींनी हाक मारली, "काय झालं गा?" त्यांना काही दिसलं नव्हतं. रंभाबाई काच खाली करून म्हणाल्या, "काही नाही. थांबली होती."

मग त्या कुसुमताईंकडे वळल्या. आवाज सरळ होता. "ताई, मी थांबवली ना?"

"तुम्हीच थांबवली."

"तुम्ही नाही?"

"मी बाटली ओढली."

रंभाबाईंनी बाटलीकडे पाहिलं. त्यांना हसू आलं, मग कुसुमताईंना आलं, आणि रोहितला आपण हसावं की नाही हे कळेना. शेवटी तो उतरून बंपर बघून आला.

घरी गेल्यावर कुसुमताईंनी हा प्रकार सांगितला नाही. साडी ओली का, असं प्रेमानंदांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, पाणी सांडलं. दुपारी त्या झोपल्या नाहीत. बावीस वर्षांत त्यांच्या शेजारी बसून कोणाचा अपघात झाला नव्हता. आपला कान चांगला म्हणून झाला नाही, असं त्या समजत आल्या होत्या. आज कानाला काही ऐकूच आलं नव्हतं. उद्या एखादी बाई थांबवू शकली नाही तर?

दोन दिवसांनी श्वेता निळी गाडी घेऊन त्याच ले-आउटमध्ये आली. रंभाबाईंना बसताना वाकावं लागलं, गुडघा कुरकुरला, पदर दारात अडकला. कुसुमताईंनी बसल्या बसल्या डावीकडे-उजवीकडे पाहिलं आणि मग मधे पाहिलं. दोन सीटांच्या मधोमध हँडब्रेकचा दांडा होता. साधा, जुना, टोकाला बटण असलेला, हातानं ओढायचा दांडा. कुसुमताईंनी त्यावर हात ठेवला आणि पूर्ण तासभर तो तिथून काढला नाही.

श्वेतानं एक सेटिंग करून दिलं होतं. त्यात गाडी कितीही दाबली तरी जोरात पळत नव्हती. रंभाबाईंनी दहा फेऱ्या मारल्या. पहिल्या नऊ वेळा खांबाजवळून त्या जरा जास्तच लांबून गेल्या. दहाव्या फेरीला नेहमीसारख्या गेल्या.

त्या संध्याकाळी कुसुमताईंनी घरी सांगितलं, निळी घ्यायची.

वैभवीला धक्का बसला. "चौदा मुद्दे आहेत, आई. रेंज बघ, सेफ्टी बघ, मागची जागा बघ. निळीत मागे माणूस बसवायचा तर पुढच्याला उतरावं लागतं!"

"मले मागे कोणी नाहीच पाहिजे. चार बाया मागे बसून एकीच्या चुका मोजत राहतात. मी बसली आहे ना मागे दोन वर्षं. मले माहीत आहे, पुढचीले काय वाटते."

"आणि रेंज?"

"प्रताप नगर ते प्रताप नगर जाते मी दिवसभर. ऐंशी किलोमीटर होते नाही होते."

"पण काहून निळी? एक कारण सांग."

तेव्हा कुसुमताईंनी खांबाची, चटईची आणि बाटलीची गोष्ट सांगितली. सांगताना त्यांनी काही वाढवलं नाही. वैभवी ऐकत राहिली. मग तिनं फोन उपडा ठेवला. तिच्या एकोणीस मुद्द्यांत डावीकडे बसणाऱ्याचा एकही मुद्दा नव्हता. प्रेमानंद एवढंच म्हणाले, "पेटीचं काय?"

पेटी मागची सीट पाडल्यावर बसली. प्रेमानंदांनी ती स्वतः दोनदा ठेवून आणि काढून पाहिली.

दुसरा ब्रेक दुर्गेश मेकॅनिकनं बसवला. जुन्या गाडीतलाही त्यानंच बसवला होता. त्याला इलेक्ट्रिक गाडीत हात घालायची भीती वाटत होती. पहिल्या दिवशी तो रबरी चपला आणि लाकडी पाट घेऊन आला. श्वेतानं वर्कशॉपचा माणूस बरोबर पाठवला. दोघांनी अर्धा दिवस गाडीखाली घालवला आणि बाहेर आले तेव्हा पक्के मित्र झाले होते. दुर्गेशनं सवयीनं क्लचचं पेडलही आणलं होतं. ते कुठं लावायचं, असं त्यानं विचारलं, आणि मग स्वतःच ते पिशवीत परत टाकलं. तो म्हणाला, "ताई, अर्धं काम कमी झालं तुमचं."

पण काम कमी झालं नव्हतं. पहिले पंधरा दिवस कुसुमताईंना काही समजेना. शेजारची बाई काय करून राहिली आहे, हे सांगणारं इंजिन नव्हतं. त्या सारखा ब्रेक दाबायच्या. बायका वैतागल्या. एक जण तर म्हणाली, ताई, गाडी तुम्ही चालवता का मी? मग हळूहळू कुसुमताईंच्या लक्षात आलं की गाडीत दुसरे आवाज आहेत. घाबरलेली बाई चौकाआधी श्वास धरते. जिला वळायचं असतं पण खात्री नसते तिच्या बांगड्या स्टेअरिंगवर वाजतात. ज्या बाईचं लक्ष घरी असतं ती ओठांतल्या ओठांत पुटपुटते. हे सगळं जुन्या गाडीतही चालत असणार. इंजिन त्यावर बोलत असे म्हणून ऐकू आलं नव्हतं. एकदा एक शिकाऊ बाई गाडी अगदी नीट चालवत असताना कुसुमताईंनी तिला बाजूला थांबायला सांगितलं आणि विचारलं, "काय झालं वं?" ती बाई दहा मिनिटं रडली. मग डोळे पुसून तिनं गाडी व्यवस्थित घरी नेली. कुसुमताईंनी तो तास पूर्ण धरला.

रंभाबाई सव्वादोन महिने शिकल्या. आरटीओच्या परीक्षेत आठच्या आकड्यावर त्या इतक्या सावकाश गेल्या की तपासणाऱ्यानं घड्याळ पाहिलं. पण कुठंही घासलं नाही, कुठं थांबल्या नाहीत. पास झाल्यावर त्यांनी बापूजींना फोन करून सांगितलं, "झालं." आणि कुसुमताईंना सांगितलं, "ताई, मी गाडी घेऊन राहिली."

कुसुमताईंना आनंद झाला. "निळी ना?"

"नाही. पांढरी."

कुसुमताईंनी शेजारी उभ्या निळ्या गाडीकडे पाहिलं.

"काटोलच्या पुढे जाऊन यायचं म्हटलं तं एकशेचाळीस होते," रंभाबाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात एसी लावली तं निळी मले बागेतच ठेवून घेईन. अन् ह्याइले मागे पाय पसरून बसाले लागते. तुमच्या पायाखाली ब्रेक पाहिजे होता, म्हणून तुमची निळी. माह्या बाजूले ब्रेक लावणारं कोणी नाही आता. हे मागे बसतीन, अन् ह्याइले दिसतच नाही."

सगळे मुद्दे बरोबर होते, आणि वैभवीच्या यादीतले होते. त्या रविवारी रंभाबाई बापूजींना घेऊन बागेत गेल्या. जाताना दोन तास लागले, येताना पावणेदोन. बापूजी रस्ताभर मागून सांगत होते, आता उजवीकडे नाका येईन, आता उतार येईन. रंभाबाईंना तो रस्ता पाठ नव्हता, बापूजींना होता. रंभाबाईंनी एकदाही त्यांना गप्प बसा म्हटलं नाही. हे त्यांनीच कुसुमताईंना फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "मोसंबीले पाणी कमी पडून राहिलं होतं. बरं झालं, गेलो."

दिवाळीनंतर एक दिवस दुपारी स्कूलच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, दणकट, हातात टोपी. आत यावं की नाही हे ठरत नव्हतं. फलकावर 'महिलांसाठी' असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण इतक्या वर्षांत पुरुष आला तर बायकोला सोडायला आला होता.

"नाव काय?" कुसुमताईंनी विचारलं.

"धोंडबा. वाडीले असतो. ट्रक चालवतो. पंचवीस वर्षं झाली."

"मग इथं काहून?"

धोंडबानं मागं वळून रस्त्यावर कोणी ओळखीचं नाही ना, ते पाहिलं. त्याच्या गोदामात मालकानं गावात माल पोचवायला इलेक्ट्रिक गाड्या आणल्या होत्या. लांबचा ट्रक दुसऱ्याकडे गेला आणि त्याला ही गाडी मिळाली. गाडी चांगली होती. पण थांबायची वेळ आली की त्याचा डावा पाय आपोआप उठायचा आणि क्लच समजून ब्रेकवर पडायचा, तोही ट्रकच्या क्लचला लागतो तेवढ्या जोरानं. आतापर्यंत दोन वेळा खोकी पुढे येऊन काचेवर आदळली होती. तिसऱ्यांदा त्याचंच डोकं आदळलं. कपाळावर खूण होती.

"मले गाडी येते," तो म्हणाला. "ह्या पायाले समजवा तेवढं."

कुसुमताईंनी त्याच्या डाव्या पायाकडे पाहिलं. बावीस वर्षं त्यांनी लोकांना क्लच दाबायला शिकवलं होतं. तो विसरायला कसा शिकवायचा, याचं त्यांच्याकडे पुस्तक नव्हतं. त्यांनी चावी उचलली.

निळ्या गाडीत धोंडबा कसाबसा मावला. त्यांनी त्याला डाव्या पायातली चप्पल काढायला लावली आणि पाय सीटच्या कडेला टेकवून ठेवायला सांगितला. चप्पल असलेला पाय कामावर असतो, अनवाणी पाय घरी असतो, असं काहीतरी त्यांना वाटलं. खरं की खोटं, ते बघायचं होतं. पहिल्या चौकात पाय उठला. कुसुमताई म्हणाल्या, "त्याले काम नाही. बसू द्या." दुसऱ्या चौकात पुन्हा उठला, पण अर्ध्यावर थांबला आणि परत गेला. धोंडबानं घाम पुसला. पंचवीस वर्षांत त्याला घाटात एवढा घाम आला नव्हता, असं तो म्हणाला.

तिसऱ्या चौकात लाल दिवा लागला. गाडी अलगद थांबली. दोघंही खाली, पायाकडे बघत बसली. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा दिवा हिरवा होऊन बराच वेळ झाला होता.